तिसरीचा वर्ग खाली

बरखेडा, भोपाळ
६ जुलै १९९७

चि. जयंत,

आशीर्वाद. नेहमी 'अनेक' लिहिते, आज एकच पाठवतेय. त्यात भागव.

तू साइटवर परत गेलास त्याला आठवडा होऊन गेला. जाताना पाया पडला नाहीस. ऑटो दारात उभी होती, गाडीची वेळ झाली होती, हे रजनीनं मला दोनदा सांगितलं. बायको तुझी बाजू घेते, एवढं तरी ध्यानात ठेव.

नागपूरच्या वसतिगृहाला मी नाही म्हटलं म्हणून तू रागावलास. तर कागदावरही नाहीच म्हणते. दिवाळी झाली की कांचनला तिथं नेऊन सोडायचं, हे तू ठरवूनच टाकलंस. रजनीला विचारलं नाहीस, आणि मला सांगितलंस ते जेवता जेवता, आमटी वाढ म्हणावं तसं. "तिथं ती तिच्यासारख्यांत राहील," म्हणालास. तिच्यासारखं म्हणजे कोण रे? आठ वर्षांची पोर. पाय ऐकत नाहीत, हात थरथरतात, शब्द बाहेर यायला वेळ लागतो, सगळं कबूल. पण हट्ट तुझा, नाक तुझ्या बाबांचं, आणि भेंडीची भाजी बघून तोंड फिरवणं रजनीचं. तिच्यासारखी माणसं मला तरी सगळी ह्याच क्वार्टरात दिसतात.

वसतिगृह वाईट असेल असं मी म्हणत नाही. ज्यांना दुसरा मार्ग नाही त्यांना ते देवासारखं असेल. आपल्याला मार्ग आहे. शाळा हाकेच्या अंतरावर आहे, घरात आई आहे आणि मी अजून हिंडती-फिरती आहे.

बाजारातल्या त्या संध्याकाळचं रजनीनं मला तू गेल्यावर सांगितलं. पोरांनी कांचनच्या चालण्याची नक्कल केली, तू तिला उचलून तडक घरी आलास, भाजीची पिशवी आणि तिचा वॉकर दुकानातच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू नागपूरला फोन लावलास. जयंता, तुझ्या जिवाला लागलं ते मला कळतं. पण नक्कल केली पोरांनी आणि घर सुटणार कांचनचं, हा कुठला न्याय?

शाळा सुरू झाली. कांचन तिसरीत गेली. सगळं ठीक चाललंय. अक्षर वाकडं आलंय ते मी नळाशी घसरले आणि हात जरा दुखावला म्हणून. काळजीचं कारण नाही.

बाबा केव्हा येणार म्हणून ती विचारते. मी 'दिवाळीला' म्हणते आणि पुढचं गिळते.

तुझी आई


३ ऑगस्ट १९९७

चि. जयंत,

तुझं पत्र आलं, ते रजनीच्या नावानं. त्यातल्या माझ्या वाट्याच्या ओळी तिनं वाचून दाखवल्या. काही ओळी गाळल्या असाव्यात, कारण मध्येच तिचं बोट दोन ओळी खाली सरकलं.

विजयनं तुला फोनवर सांगितलंच आहे, तर आता लपवून काय करू. तुझा मित्र असला तरी शेजारी आमचा आहे, त्यानं गप्प बसायला काय घेतलं होतं? असो. मी नळाशी घसरले नाही. शाळेच्या जिन्यात पडले, कांचनला पाठुंगळी घेऊन. हात मोडलाय, प्लास्टर आहे, मागचं पत्र मी डाव्या हातानं लिहिलं. हेही डाव्यानंच लिहितेय आणि बघ, सुधारलंय. कांचनला खरचटलंसुद्धा नाही. मी खाली होते आणि ती वर. माझ्या पाठीवर बसून म्हणते, "आजी, वर्ग अजून वर आहे."

पहिली-दुसरी तळमजल्यावर भरायची म्हणून आपल्याला कधी जाणवलं नाही. तिसरी वरच्या मजल्यावर. शाळा उघडल्यावर एक दिवस रजनीनं तिला वर नेलं, दुसऱ्या दिवशी मी नेलं आणि पडले, आणि तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका तिवारी मॅडमनी बोलावणं पाठवलं. मोठ्या मॅडम वाईट नाहीत, घाबरट आहेत. "माताजी, कल को कुछ हो गया तो जवाब कौन देगा? बच्ची को दूसरी में ही बैठने दीजिए. क्या फर्क पड़ता है?"

तेव्हापासून आपली कांचन पुन्हा दुसरीत बसतेय. हे मी तुला लिहिलं नव्हतं. तीच पुस्तकं, तेच पाढे. बाई प्रश्न विचारतात, हिचं उत्तर सगळ्यांच्या आधी तयार असतं, आणि बाई म्हणतात, "तुम चुप रहो, तुम्हें तो आता है." घरी आल्यावर मला विचारते, "आजी, मी नापास झाले होते का?" काय सांगू तिला?

रजनी वर्तमानपत्रातलं कात्रण घेऊन गेली होती. अपंग मुलांसाठी आता कायदा झालाय, अठराव्या वर्षापर्यंत शिकायचा हक्क आहे. मॅडमनी चष्मा लावून सगळं वाचलं, रजनीला चहा पाजला आणि म्हणाल्या, "कानून दिल्ली में बना है बेटा, सीढ़ियाँ यहाँ हैं."

तू लिहितोस, "शाळाच तिला वर नेत नाही, मग नागपूरला सगळं एका मजल्यावर आहे ते काय वाईट?" तुझं हे म्हणणं बिनतोड आहे आणि म्हणूनच माझा संताप होतो. तुम्ही इंजिनिअर लोक शंभर टनांचं धूड क्रेननं उचलून केसाचाही फरक न करता जागेवर बसवता. अख्ख्या टाउनशिपला एक मूल मजलाभर वर नेता येऊ नये?

रजनी परवा भांडी विसळता विसळता म्हणाली, "आई, दिवाळीपर्यंत ती तिसरीत बसली नाही, तर ह्यांना नाही म्हणायला माझ्याकडे काही उरत नाही." मी म्हटलं, बसेल. कशी ते मला माहीत नाही. पण बसेल.

आई


१४ सप्टेंबर १९९७

चि. जयंत,

तू गणपतीतही पत्र पाठवलं नाहीस. मोदक केले होते. तुझ्या वाटचे कांचननं खाल्ले आणि तसं तुला कळवायला सांगितलंय.

यंदा मंडळाच्या उत्सवात लहान मुलांची गोष्ट सांगायची स्पर्धा होती. कांचननं आपलं नाव आपणच दिलं. गोष्टही तिची तिनंच रचली. आपल्या स्वयंपाकघरातली पाल कारखान्याच्या भोंग्याला घाबरते आणि भोंगा ऐकू येणार नाही असं घर शोधायला निघते. आठ दिवस आम्ही ती पाल उठता-बसता ऐकली.

स्पर्धेच्या दिवशी रजनीनं तिला स्टेजवर खुर्चीत बसवलं. माइक तोंडाशी आणला. तिचं बोलणं तुला माहीत आहे, एकेक शब्द विहिरीतून पोहरा ओढावा तसा येतो. पाल बरखेड्याहून निघून जेमतेम कारखान्याच्या भिंतीवर चढली होती, तेवढ्यात पुढच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. काही बायकांनी डोळ्यांना पदर लावला. काशिनाथराव देवपुजारी, हो, तेच अध्यक्ष आहेत अजून, लगबगीनं वर आले. "आपल्या मंडळाची ही विशेष मुलगी," म्हणाले, तिच्या अंगावर शाल घातली आणि मांडीवर नारळ ठेवला. शाल एवढी मोठी की पोर आत दिसेना. फोटो काढले. मग बाकीच्या मुलांच्या गोष्टी झाल्या आणि पहिला, दुसरा, तिसरा नंबर जाहीर झाला.

खरं सांगते, मला तेव्हा अभिमान वाटला. मीही टाळ्या वाजवल्या.

घरी आल्या आल्या कांचननं शाल काढून टाकली. मग म्हणाली, "पाल घरी पोचलीच नाही." आणि थोड्या वेळानं, "सगळ्यांना नंबर दिले. मला का नाही दिला?" रजनीनं समजूत घातली, अगं तुझा तर सत्कार झाला, तो फक्त मोठ्या माणसांचा करतात. त्यावर ती जी रडली, तशी ती पाय ताणायच्या व्यायामालाही रडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपली मुखदुर्बळ रजनी एकटीच काशिनाथरावांकडे गेली. शाल-नारळ परत केला आणि म्हणाली, तिची गोष्ट पुरी ऐका आणि परीक्षकांना तिला नंबर द्यायला सांगा. शेवटचा आला तरी चालेल. काशिनाथराव ओशाळले. "वहिनी, आम्ही चांगल्या मनानंच केलं हो." चांगल्या मनानंच केलं होतं, त्यात शंका नाही. त्याच संध्याकाळी आरतीनंतर त्यांनी तिला पुन्हा खुर्चीत बसवलं आणि परीक्षकांना समोर. लोक चुळबुळले, कुणी घड्याळं पाहिली, मलाही एक जांभई आली. पाल पार शाहपुऱ्याच्या तळ्यापर्यंत गेली, तिथल्या शांततेत तिला झोप येईना, म्हणून परत आपल्या क्वार्टरात आली. गोष्ट संपली.

पाचवा नंबर आला. दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगून झालंय. "लांबली," असं परीक्षक म्हणाले ते तिला पटलंय. पुढच्या वर्षी पालीला शाहपुऱ्यापर्यंत पाठवणार नाहीये.

तू तिथं असायला हवा होतास.

आई


२६ सप्टेंबर १९९७

चि. जयंत,

प्लास्टर निघालं. अक्षर बघ, पुन्हा मास्तरणीसारखं झालंय की नाही?

आता नीट वाच. त्या स्पर्धेनंतर माझ्या डोक्यात एक गोष्ट घर करून बसली. आम्ही मॅडमकडे जात होतो ते दया मागायला. दया मागितली की शाल मिळते. मग दुसरं काय मागायचं?

मागच्या आठवड्यात शेजारची कुसुम आली होती. तिच्या नणंदेला गुडघ्यांमुळे तळमजला हवाय आणि वरच्या मजल्याला तयार होणारं कुणी सापडलं की ते लोक म्युच्युअल करणार आहेत. तू टाउनशिपमध्ये वाढलास, तुला काय सांगायचं? तुझ्या बाबांचा दमा बळावला तेव्हा आपणही असंच हे क्वार्टर घेतलं होतं. दोघांनी आपसात क्वार्टर बदलायचं ठरवायचं, दोघांनी अर्ज द्यायचा, इस्टेट ऑफिस कशाला नाही म्हणेल? कुसुम बोलत होती आणि माझ्यासमोरची पोळी तव्यावर करपली. मी रजनीला हाक मारली. म्हटलं, अगं, वर्गाचं म्युच्युअल का करू नये? खाली राहणारा असा कुठला वर्ग आहे, ज्याला वर जायचंय?

उत्तर कांचननं दिलं. "पाचवी." का? तर पाचवीचा वर्ग मॅडमच्या ऑफिसला लागून आहे. "ते खोकले तरी मॅडम येतात."

बस्स. रजनीनं पाचवीच्या मुलांना मधल्या सुट्टीत गाठलं. वरच्या मजल्यावर वारा येतो, मैदान दिसतं आणि मॅडम गुडघ्यांमुळे दिवसातून एकदाच चढतात, एवढं सांगायचा अवकाश, पोरं आनंदानं बाकांवर चढली. त्यांच्या आयांकडे आम्ही दोघी घरोघर गेलो. एकीनं विचारलं, "आपकी बच्ची के लिए हमारे बच्चे क्यों चढ़ें?" तिला उत्तर तिच्याच मुलानं दिलं, "मम्मी, प्लीज." पाचवीच्या बाईंनाही मॅडमच्या भिंतीचा जाच होताच, त्या उघड बोलल्या नाहीत, पण सगळ्यांत आधी तयार झाल्या.

मग आम्ही रीतसर अर्ज घेऊन गेलो. पाचवीला वर जायचंय, तिसरीला खाली यायचंय, दोन्हीकडची संमती आहे. मॅडमचे यजमानही कारखान्यातच, त्यांची निम्मी हयात क्वार्टर बदलण्यात गेली आहे. अर्ज वाचून मॅडमनी आमच्याकडे पाहिलं, पुन्हा अर्जाकडे पाहिलं. "ये तो म्युचुअल हो गया," म्हणाल्या. मी म्हटलं, हो. "दोनों पार्टी राजी हैं?" मी म्हटलं, एकदम राजी. आता म्युच्युअलला नाही कसं म्हणायचं, हे त्या बाईंना कुणी शिकवलेलंच नाही.

सोमवारी तिसरी खाली आली. व्हरांड्याच्या पायरीवर विजयनं लाकडी उतरण करून दिली, त्यामुळे त्याला माफ केलंय. कांचन वॉकर घेऊन स्वतःच्या पायांनी आपल्या वर्गात गेली. रजनी फाटकाशी उभी होती. मी मुद्दाम घरी थांबले, नाहीतर तिथंच रडत बसले असते.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी, नाहीतर पुन्हा नळाशी घसरले असं होईल. तिसरीची मुलं नाराज आहेत. त्यांचा वारा गेला, मैदान गेलं आणि पदरी मॅडमची भिंत आली. "कांचन की वजह से," म्हणतात. दोन दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही. रजनीचा जीव थाऱ्यावर नाही. माझाही नाही. हे तुला कळल्यावर तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे.

आई


७ ऑक्टोबर १९९७

चि. जयंत,

तुझं कार्ड मिळालं. जूनपासून माझ्या नावानं आलेली ही पहिली ओळ, आणि ती खरोखरच एक ओळ आहे. "वर्गात तिला त्रास देतात का? खरं सांग."

खरं सांगते. सोबत शाळेची चिठ्ठी जोडली आहे, ती आधी वाच. "आपकी पुत्री कक्षा में बहुत बातें करती है. पिता के हस्ताक्षर आवश्यक."

झालं असं. अबोला धरून धरून मुलं किती दिवस धरणार? शेजारी बसणारी नाजिया आधी विरघळली. तिनं पालीची गोष्ट मागितली. कांचननं ती गणिताच्या तासाला सुरू केली. हिचं कुजबुजणंही मोठ्यानं असतं, शेजारचं बाक वळलं, मागचं वळलं, आणि मॅडमना भिंतीपलीकडून पाल ऐकू आली. मॅडम आल्या. सगळ्यांना हात वर करून बसायची शिक्षा. कांचनकडे बघून त्या जरा थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "तुम भी." तिचे हात वर राहत नाहीत. एक तिनं कसाबसा धरला, दुसरा नाजियानं आपल्या एका हातानं कोपराशी धरून वर ठेवला. शिक्षा पूर्ण झाली.

घरी आली तेव्हा चेहरा असा की मला वाटलं बक्षीस मिळालं. "आजी, मला पण शिक्षा झाली." रजनी हसावं की रडावं अशी उभी राहिली. मग तिनं सही करायला पेन उचललं, तर कांचननं चिठ्ठीवर आडवा हात टाकला. "बाबांची. सगळ्यांच्या बाबांची आहे." मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, साइट पर हैं? मँगवा लीजिए, हम रुकेंगे.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. त्रास देतात, अधूनमधून. ही पण देते. परवा तिनं नाजियाचं पेन लपवलं होतं.

नागपूरहून वसतिगृहाचं पत्र आलंय, जागा ठेवायची का ते दिवाळीआधी कळवा म्हणून. रजनीनं ते तुझ्याकडे पाठवायला दिलंय, तेही सोबत आहे. ती तुला काही लिहिणार नाही, आणि मीही आता वाद घालणार नाही. तू तिचा बाप आहेस, निर्दयी नाहीस, भ्यालेला आहेस, हे मला जूनमध्येच कळलं होतं. मलाही भीती वाटते. मी गेल्यावर, तुम्ही दोघं थकल्यावर तिचं काय, हा विचार माझ्याही उशाशी असतो. पण त्यासाठी तिला आठव्या वर्षीच परकं करून सवय लावायची का? आता तू ठरव. माझं म्हणणं संपलं.

आई


२१ ऑक्टोबर १९९७

चि. जयंत,

तुझं पाकीट आज दुपारी आलं. रजनीनं उघडलं. आत नागपूरच्या पत्राला तू पाठवलेल्या उत्तराची नक्कल होती, जागा दुसऱ्या गरजू मुलाला द्यावी म्हणून. ती तिनं वाचली, घडी घातली आणि कुंकवाच्या डबीखाली ठेवली. मग शाळेची चिठ्ठी काढली. तुझी सही, आणि सहीवर तू लिहिलेली ओळ, "बच्ची को घर पर समझा दिया जाएगा." रजनी 'घर पर' वर बोट ठेवून बराच वेळ बसली होती. मी चहा ठेवला. दोघी साखर घालायची विसरलो आणि तसाच प्यायलो.

कांचननं उद्याच्या दप्तरात चिठ्ठी आत्ताच भरून ठेवली आहे. नाजियाच्या वडिलांनी नुसती सही केली होती, तू वर एक अख्खी ओळ लिहिलीस, म्हणजे तू जास्त रागावला आहेस, असं तिचं म्हणणं आहे. मी ते खोडून काढलं नाही. विजयच्या घरी जाऊनही तिनं हेच सांगितलं.

संध्याकाळपासून ती उत्तरं जुळवतेय. आधी कोण बोललं, पाल कुणी मागितली, गणित येत होतं म्हणूनच बोलले, असं बरंच काही. बाबा किती रागावतील ते तिनं मला विचारलं. मी म्हटलं, चांगलेच रागावतील.

धनत्रयोदशीच्या आत ये. ये आणि तिला रागव. ती वाट बघतेय.

तुझी आई